गादीवाला डॉक्टर

गादीवाला डॉक्टर माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसे, गुडघ्यांकडे बघे. अजमानच्या आमच्या इमारतीत, लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटला तेव्हा सलाम नाही, नमस्कार नाही. "खाला, उजवा जास्त दुखतो ना?" उजवाच दुखायचा.

तो पुण्याचा, दुबईच्या एका दवाखान्यात प्रयोगशाळेत कामाला. सांध्यातली झिजलेली गादी माणसाच्याच पेशींपासून पुन्हा वाढवायची, हे त्याचं काम. ऑपरेशन करणारा डॉक्टर तो नव्हे, पण नाव पडलं ते पडलं. बायको घरात मासे आणू देत नसे, म्हणून शुक्रवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येई. सुरमईचा काटा काढता काढता समजावून सांगे, "हाडाच्या मगजात मूळ पेशी असतात, खाला. अगदी कोऱ्या. हाड हो म्हटलं की हाड होतात, गादी हो म्हटलं की गादी."

"माझा मुलगा तरी कुठे इतकं ऐकतो," मी म्हटलं.

शारजाच्या सर्जनने स्टीलचा गुडघा बसवायला सांगितलं होतं. चालाल, पण जमिनीवर गुडघे टेकता येणार नाहीत, म्हणाला. मला कपाळ जमिनीला लावून सजदा करायचा होता. खुर्चीवरची नमाज अल्ला कबूल करतो, पण माझं मन भरत नव्हतं. गादीवाला म्हणाला, स्वतःची गादी आली तर गुडघा वाकेल. मी सर्जनला नाही म्हणून कळवलं. माझ्या कमरेच्या हाडातून मगज काढलं, तेव्हा माझा हात त्याने धरला होता.

मग दर शुक्रवारी मी विचारी, "वाढतेय का?"

"वाढतेय. लावू लवकरच, इन्शाल्ला."

"अल्लाला मध्ये घालू नकोस. हो की नाही ते सांग."

"हो, खाला."

उन्हाळा गेला, रमजान गेला. उजव्याचा भार घेऊन घेऊन डावा गुडघाही गेला. न्हाणीघरात जायला भिंत धरावी लागे.

एका शुक्रवारी तो बायकोला घेऊन आला. कायमचे पुण्याला चालले होते. मी विचारलं, "आणि माझी गादी?" बायको त्याच्याकडे बघत म्हणाली, "तू यांना अजून सांगितलं नाहीस?"

पेशींना पहिल्याच आठवड्यात बुरशी लागली होती. सगळ्या टाकून दिल्या होत्या.

"तुम्ही इतक्या आशेने विचारायचात," तो म्हणाला, "तोंडातून निघेना."

"मला आशा नव्हती. ती तू आणलीस. जा आता, विमान चुकेल."

पुढे दोन्ही गुडघे स्टीलचे बसवले. नमाज खुर्चीवर पढते. मुलगा अजून म्हणतो, "अम्मा, माणूस मनाने चांगला होता." होता. म्हणून तर मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.