ताडपत्रीखालची क्रेटं

बसा, चहा येतोय. तोवर माझ्या हुशारीनं माझंच नाक कसं कापलं ते ऐकून घ्या. कुणाला सांगू नका म्हटलं असतं, पण लोणावळ्याच्या बाजारात आता ऐकायचं राहिलेलं कुणी उरलंय कुठं?

माझा धंदा थंड पेयांचा, ठोक. दोन छोट्या कंपन्यांची एजन्सी: पवनानगरच्या शेवंतामावशींचं जांभूळ सरबत आणि कामशेतच्या दत्ताभाऊंचा मसाला सोडा. दोघांचा भाड्याचा टेम्पो एकच. भरलेला माल आणतो, रिकाम्या बाटल्यांची क्रेटं परत नेतो. आधी कामशेत, मग पवनानगर. रिकामी क्रेटं मी स्वतः मोजून चढवतो. दहा आली, दहा गेली! आजवर एक क्रेट कमी गेलं असेल तर मिशी उतरवीन!

तर एकदा मावशींकडे गेलो होतो. शेडमागे ताडपत्री. वाऱ्यानं कोपरा उडाला आणि खाली काय? दत्ताभाऊंचं नाव रंगवलेली क्रेटं!

"मावशी, ही इथं कशी?"

मावशींनी झटकन ताडपत्री ओढली. "त्या मेल्याचं नाव काढू नगा माज्याम्होरं! आन काय बगितलं ते कुणाला सांगू बी नगा."

मी येताना कामशेतला उतरलो. दत्ताभाऊंच्या पत्र्याआड मावशींची क्रेटं!

"भाऊ, ही कुणाची?"

"कंची? मला तर कायबी दिसत न्हाई."

आता सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? दोन वर्षं ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. म्हणजे ते सगळं नाटक! आतून भागीदारी! उद्या जांभूळ सोडा बाजारात येणार, आणि बातमी फुटल्यावर हिस्सा कोण देतो?

आधीच हिस्सा घ्यायला पैसे होते. पण ते शेजारच्या गाळ्याचे. सुमन, माझी बायको, त्या गाळ्यावर अकरा वर्षं डोळा ठेवून होती. मालकानं शनिवारपर्यंत मुदत दिली होती.

बुधवारी मी दत्ताभाऊंना म्हणालो, "मला भागीदार करून घ्या."

"घेतलं!" भाऊ म्हणाले. मशीन घ्यायला त्यांना पैसे हवेच होते. पण मला वाटलं, इतक्या झटकन हो म्हणणारा माणूस काहीतरी लपवतोय, हे ओळखायला काय शाळा लागते? स्टँपपेपरवर सही केली. गाळ्याचे पैसे गेले.

सुमनला सांगितलं नाही. दोन रात्री छातीत टेम्पोचं इंजिन चालू होतं.

शुक्रवारी मावशींना फोन केला. "मावशी, मी दत्ताभाऊंचा भागीदार झालो. आता लपवाछपवी कशाला? उद्या दुकानात या, जाहीर करून टाकू."

पलीकडून आवाज आला, "येते. समदं घिऊनच येते."

समदं! म्हणजे कागदपत्रं! मी निश्चिंत. भाऊंनाही बोलावून ठेवलं.

शनिवारी दहा वाजता गाळामालक स्टुलावर, दत्ताभाऊ दारात, सुमन चहा घेऊन उभी. "अहो, पैसे काढा ना," तिनं दोनदा म्हटलं. "आलोच," मी तीनदा म्हणालो.

जीप थांबली. मावशी उतरल्या आणि फुटपाथवर क्रेटं आदळू लागल्या. एक, दोन, पाच, बारा!

"व्हा की भागीदार! ही घ्या तुमची, आन माजी द्या!"

"माझी चांगली क्रेटं तूच ठेवून घेतलीस मावशे!" दत्ताभाऊ ओरडले. "म्हणून मी तुझी धरून ठेवली!"

"आरं चोरा! टेम्पो तुज्याकडं पयला थांबतो. तूच माजी काढून घितो आन तुजी फुटकी म्होरं धाडतो!"

"मी कशाला काढू? वरनंच तशी येत्यात!"

"वरनं म्हंजी कुटनं?"

दोघं थांबले. हळूहळू माझ्याकडे वळले.

दहा आली, दहा गेली. मोजणी चोख. कुणाची आली आणि कुणाची गेली, हे मात्र मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं!

"म्हणजे..." मी विचारलं, "तुमची भागीदारी नाही?"

"ह्या मेल्यासंगं?"

सुमननं चहाचा ट्रे खाली ठेवला. "पैसे कुठायत?"

मी दत्ताभाऊंकडे बघितलं. गाळामालक उठला. संध्याकाळपर्यंत गाळा बेगडेवाडीच्या एका माणसाला गेला. त्यानंही थंड पेयांचंच दुकान टाकलं.

पण माझा अंदाज चुकला नाही, बरं का! चोर कुणीच नाही हे कळल्यावर मावशी नि भाऊ बोलायला लागले. दिवाळीनंतर दोघांचा धंदा खरोखर एक झाला. जांभूळ सोडा धडाक्यात चाललाय.

पहिल्या बैठकीत पहिलाच ठराव आला: जिथं क्रेटांची सरमिसळ होते तिथली एजन्सी बंद, ती शेजारच्या गाळ्याला द्यावी.

मावशी म्हणाल्या, "भागीदार हायसा न्हवं? मंग करा सही!"

केली. सगळ्यात वर माझीच आहे.