मागची डावी सीट

मिलिंदला मी शेवटचं पाहिलं ते परळच्या हॉस्पिटलच्या गेटवर, त्याच्याच गाडीच्या मागच्या सीटवर. दोन उशांना टेकून बसला होता. स्टीअरिंगवर त्याचे वडील, अप्पा. मी खिडकीशी वाकलो तर म्हणाला, "बघ ना, उलटंच झालं सगळं..." हसायला गेला आणि खोकल्याची उबळ आली. त्याच आठवड्यात तो गेला.

उलटं काय झालं, ते सांगायला हवं. मिलिंद एका मोटार कंपनीच्या ब्रँड विभागात होता. कंपनीचे महागडे ब्रँड दोन, एक ऐषारामाचा आणि एक वेगाचा. लोकांच्या मनात दोघांची गल्लत होऊ द्यायची नाही, हे त्याचं काम. "सोप्पं आहे रे," तो सांगायचा, "फास्टवाली चालवणाऱ्याला विकायची, लक्झरीवाली मागे बसणाऱ्याला." म्हणून एकीच्या जाहिरातीत घाटातली वळणं आणि इंजिनाची गुरगुर. दुसरीच्या जाहिरातीत इंजिन ऐकूच यायचं नाही, फक्त दार मिटल्याचा दबका आवाज. शोरूममध्ये गिऱ्हाइकाला आधी कुठल्या दारानं आत बसवायचं, तेही यानंच ठरवलेलं. आम्ही एका चाळीत वाढलेले, त्यामुळे त्याच्या या थाटाची मी भरपूर टर उडवली.

अप्पांनी सारा जन्म एका शेटची गाडी चालवली. म्हणूनच कंपनीनं त्याला वापरायला गाडी निवडायला सांगितली तेव्हा, स्वतः वेगाचा वेडा असूनही, मिलिंदनं लक्झरीवाली घेतली. ऑफिसात हसले त्याला. त्याला एकच हवं होतं, अप्पांना मागे बसवून चैत्यभूमीला न्यायचं. पहिल्याच रविवारी तो मागचं दार उघडून उभा राहिला. अप्पा हलेनात. "तिथं मालक बसतात, बाळा. मला नाय जमायचं," म्हणाले आणि पुढे येऊन बसले. दादरला गाडी थांबते न थांबते तोच उतरले, वळसा घालून गेले आणि मिलिंदच्या बाजूचं दार उघडून धरलं. पोरासाठी!

संध्याकाळी मिलिंद माझ्याकडे येऊन रडला. "कुठली गाडी कुणाची, ते मी सगळ्यांना पटवून देतो रे. बापाला नाही पटवता येत..."

पुढेही दर रविवारी तो दार उघडायचा आणि अप्पा पुढे बसायचे. मग कॅन्सर निघाला. केमोनंतर त्याच्यानं गाडी चालवेना. ड्रायव्हर ठेवू म्हटलं, तर अप्पांनी किल्लीच काढून घेतली. पंच्याहत्तरीतला बाप पुढे, पोर मागे आडवं. मला अजून संताप येतो त्या दृश्याचा. कुणावर काढायचा, ते कळत नाही.

परवा कंपनीचा माणूस गाडी न्यायला आला. अप्पांनी ती सकाळीच पुसून लख्ख करून ठेवली होती. माणूस भला होता. "काका, बसा ना मागे, एक राउंड मारून आणतो."

मीही म्हटलं, "बसा अप्पा. त्याच्यासाठी तरी."

अप्पांनी मागचं डावं दार उघडलं. सीटवर मिलिंदच्या दोन्ही उशा तशाच होत्या, कुणाच्यानं त्या काढवल्या नव्हत्या. दार धरून, मान खाली घालून अप्पा उभे राहिले, मालक उतरायची वाट बघावी तसे. किती तरी वेळ. मग त्यांनी हलकेच दार लोटलं, आणि मिलिंद सांगायचा तस्साच दबका आवाज आला.