घागरींची रांग शाळेत

लातूरचा जिल्हा झाला आणि गावात दोन गोष्टी उदंड झाल्या: पाट्या आणि अध्यक्षा. काल ज्या ओसरीवर करडईची पोती होती, तिथं आज कुठल्याशा कार्यालयाचं नाव रंगवलेलं दिसायचं. प्रत्येक कार्यालयात एक साहेब, प्रत्येक साहेबाच्या घरी एक बाईसाहेब, आणि बाईसाहेबांना दुपारी रिकामा वेळ. त्या रिकाम्या वेळाचं एक महिला मंडळ झालं. पाणी मात्र जुन्या जिल्ह्यात असताना होतं तेवढंही उरलं नव्हतं. पाऊस पडला नव्हता, आणि पाऊस काही पाट्या वाचून पडत नाही.

मी नांदेडची, लग्न होऊन लातुरात आलेली, आणि तेव्हा मुलींच्या एका शाळेत कारकून होते. दाखले, हजेरीपट, खडू, सगळं माझ्याकडे. माझ्या टेबलाच्या काचेखाली रोजच्या कामांची यादी असायची. काम झालं की त्यावर रेघ. ही सवय मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या नजरेत भरली आणि त्यांनी मला चिटणीस करून टाकलं. म्हणजे सतरंज्या मोजायच्या, चहा सांगायचा आणि त्या बोलतील ते लिहून काढायचं.

मंडळाचा पहिला विषय होता गरीब मुलींची शाळेतून होणारी गळती. गावात नळाला थेंब नव्हता. गळायला उरल्या होत्या त्या मुलीच. चिवड्याच्या बश्या मांडीवर घेऊन चर्चा झाली. एक म्हणाल्या, पालकांना जाणीव नाही. दुसऱ्या म्हणाल्या, मुलींना गोडी नाही. तिसऱ्यांनी चिवड्यात तीळ कुठले म्हणून विचारलं. शेवटी ठरलं, गणवेश वाटायचे.

मी म्हटलं, "मुली टँकरसाठी बसलेल्या असतात. टँकरची वेळ ठरवून घेतली तर उद्यापासून येतील."

"टँकर हा पाणीपुरवठ्याचा विषय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आपला विषय शिक्षण. विषयांतर नको."

शाळेमागे रुळांपलीकडे एक वस्ती होती. गैरहजर मुली बहुतेक तिथल्याच. त्या वस्तीचा एक नियम होता आणि तो कुणी मोडत नसे. रात्री घागर रांगेत ठेवली की नंबर लागला. पण टँकर येईल तेव्हा घागरीशेजारी घरचं माणूस हवं. नसलं तर मागची बाई ती घागर पायानं बाजूला सारणार, आणि तिच्याशी भांडायची सोय नाही. टँकर दहाला यायचा, एकला यायचा, कधी यायचाच नाही. म्हणून प्रत्येक घागरीमागे एक माणूस दिवसभर बसलेलं. ते माणूस म्हणजे मुलगी. मुलगे बसत नसत. बायकांच्या रांगेत पोरगा बसवला तर लोक काय म्हणतील, याची काळजी त्या वस्तीलाही परवडत होती.

सातवीतली एक मुलगी अशीच बसायची. पोचे पडलेली जर्मनची घागर, तिला टेकून ती, मांडीवर भूमितीचं पुस्तक. मी रूळ ओलांडून तिकडे गेले तर तिनं मलाच विचारलं,

"बाई, वर्तुळ संपलं का?"

"संपलं. तू कधी येतेस?"

"टँकरलाच इचारा की."

तिची आई डाळमिलमध्ये निवडायला जायची. संध्याकाळी ती अंगभर तुरीचा भुसा घेऊन परत आली तेव्हा मी तिला गाठलं. मुलगी हुशार आहे वगैरे मी सुरू केलं, तर तिनं हातानंच थांबवलं.

"हुशार हाय ते मला ठाव हाय बाई. पोरगी शाळंत गेल्यावर घरात प्यायचं काय, फळा?"

"तू एखादा दिवस बस."

"मी बसले तर मुकादम माझ्या जागी दुसरी बसवतो. तिथंबी रांगच हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझा भाऊ हाय देगलूरला. लई दिवसांपासून मागं लागून राहिलाय, पोरगी माझ्या पोराला दे म्हणून. पोरगी शाळंत हाय म्हणून त्याला न्हाई म्हणाया तोंड हाय मला. नाव गेलं की काय सांगू त्याला? पोरगी घागर राखायला ठेवलीय म्हणून?"

आता नाव जायचं होतंच. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, मला सांगून ठेवलं होतं, की सलग गैरहजर मुलींची नावं शनिवारी पटावरून कमी करा. शनिवारी जी आली तिचं राहील, आली नाही तिचं गेलं. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. नियम पाळला की विचार करावा लागत नाही, एवढाच त्यांचा शोध होता.

त्याच शनिवारी सकाळी गणवेशवाटप ठरलं. शाळेच्या मैदानात मांडव पडला. वरच्या एका साहेबांच्या पत्नी प्रमुख पाहुण्या म्हणून येणार होत्या. मंडळाची तयारी जोरात होती. हार किती, नारळ किती, पाहुण्यांना फेटा बांधायचा की शाल पांघरायची, यावर दोन बैठका झाल्या. मुलींना निरोप कुणी द्यायचा यावर एकही नाही. तो मीच दिला. मुलगी म्हणाली, "टँकर लौकर आला तर येते."

शनिवारी सकाळी मी शाळेच्या फाटकातून आत आले तर मैदान ओलं. कडेच्या चिंचेखाली टँकर उभा होता, नळीतून अजून थेंब गळत होते. मी तो टँकर ओळखला. मागच्या बाजूला एका ठिकाणी चेपलेला, वस्तीवर जाणारा. टँकरवाले मामू चाकाच्या सावलीला बसून बिडी ओढत होते.

"मामू, हा इथं कसा?"

"मेरेकू क्या मालूम बाई. साब बोले, धुळा उड रहा, पानी मारो. मार दिया."

"आणि वस्ती?"

"बस्ती को बाद में. आधा बचा है. बोले, मेहमान की गाडी आने के टैम फाटक के सामने मारना."

म्हणजे असं होतं. मुली शाळेत याव्यात म्हणून समारंभ. समारंभात धूळ उडू नये म्हणून मुलींचा टँकर. आणि टँकर नाही म्हणून मुली तिकडे घागरी राखत बसलेल्या. इतकं गोल वर्तुळ भूमितीच्या पुस्तकातही नव्हतं.

अध्यक्षबाई मांडवात टाचणीनं फलक ठीक करत होत्या. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आज राहू द्या ना हे. पाहुण्यांना धुळीचा त्रास होतो." मग त्यांच्या लक्षात आलं, की गणवेश घ्यायला मुलीच नाहीत. त्यांचा चेहरा खरंच पडला. तोवर मोठ्या बाई म्हणाल्या, "पाचवीतल्या आणून उभ्या करते. फोटोत काय कळतंय?" आणि पाचवीतल्या, घरी दोन-दोन गणवेश असलेल्या वाणी-व्यापाऱ्यांच्या मुली रांगेत उभ्या राहिल्यासुद्धा. त्यांच्या हातात सातवीच्या मापाचे कपडे येणार होते.

मी मामूंना म्हटलं, "टँकर इथून हलवायचा नाही. फाटकासमोर पाणी मारायचं नाही. मी आलेच."

"साब चिल्लाया तो?"

"माझं नाव सांगा."

मी रूळ ओलांडून वस्तीवर गेले आणि रांगेला सांगितलं, टँकर शाळेत आहे, घागरी घेऊन चला. ती मुलगी आधी उठली. रांग मोडायची नाही, नंबरानंच चालायचं, असं तिनंच सगळ्यांना बजावलं. नियम नियमच. एकामागे एक पोरी डोक्यावर घागर घेऊन निघाल्या, पुढे ती, मागे मी.

आम्ही फाटकात पोचायला आणि पाहुण्यांची गाडी थांबायला एकच गाठ पडली.

पाहुण्या खाली उतरल्या. समोर डोक्यावर घागरी घेतलेल्या मुलींची सरळ रांग. त्यांनी हात जोडले. "अगंबाई, कलश घेऊन स्वागत! किती छान कल्पना!"

अध्यक्षबाई धावत आल्या होत्या त्या मला हाकलायला. हे ऐकून त्या जागेवरच हसल्या. कल्पना त्यांची होणार हे दोन श्वासांत ठरून गेलं. हळदीकुंकवाचं तबक पुढे झालं. पाहुण्यांनी पहिल्या घागरीला बोटं लावली, सहज आत डोकावल्या, आणि त्यांचा हात थांबला.

"या रिकाम्या आहेत?"

पाहुण्याला रिकामी घागर सामोरी! शाळेत मुली नाहीत याचं ज्यांना सुतक नव्हतं, त्या बायका या अपशकुनानं पांढऱ्याफटक पडल्या. अध्यक्षबाई किंचाळल्या, "भरा, भरा आधी! टँकर कुठाय? कोण आहे तिकडे? पाणी सोडा!"

मामूंनी बिडी टाकली आणि नळी सोडली. पाहुण्या उन्हात शाल सावरत उभ्या, अध्यक्षबाई स्वतः "पुढची, पुढची" म्हणत घागरी लावतायत, आणि टँकरचं उरलेलं पाणी त्याच्या हक्काच्या भांड्यांत पडतंय. मंडळाच्या हातून सेवा घडली ती एवढीच, तीही भीतीपोटी. मग भरल्या घागरींना कुंकू लागलं. तो मान उरकल्यावर त्या मुलीनं घागर चिंचेखाली उतरवली आणि ती मांडवात जाऊन सातवीच्या रांगेत बसली. परकर खालून ओला, कपाळावर कुणीतरी लावलेलं कुंकू. मी आत जाऊन हजेरीपट आणला आणि मोठ्या बाईंच्या डोळ्यांदेखत तिच्या आणि तिच्यामागून आलेल्या पोरींच्या नावांपुढे हजर लिहिलं.

भाषणात पाहुण्या म्हणाल्या, इतकं भारावून टाकणारं स्वागत त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. आभाराच्या वेळी कुणी ऐकत नाही, म्हणून मी थेट त्यांच्याकडे वळून म्हटलं, "बाईसाहेबांना हे आवडलं, तर टँकर रोज शाळेतच लागावा असं त्यांनी सांगून जावं. घागरी भरलेल्या राहतील."

आता भरल्या घागरीला भर मांडवात नाही कोण म्हणणार? पाहुण्यांनी शेजारी बसलेल्या पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "लागू द्या की." मी ते तिथल्या तिथं इतिवृत्तात लिहिलं आणि त्यांची सही घेतली. भारावलेपण संध्याकाळपर्यंत उतरतं, हे मला माहीत होतं.

सोमवारपासून घागरींची रांग चिंचेखाली लागू लागली. मुली वर्गात बसायच्या. टँकर आला की शिपाई घंटा द्यायचा, मुली धावत येऊन भरायच्या, आया संध्याकाळी घागरी घेऊन जायच्या. मोठ्या बाई म्हणायच्या, शिस्त बिघडली. बिघडली असेल. वर्ग भरला होता. मंडळाच्या खोलीत कलशस्वागताचा फोटो लागला. त्यात अध्यक्षबाई एका घागरीला हात लावून उभ्या आहेत, जणू त्यांनीच ती डोक्यावरून आणली. मंडळानं पुढचा विषय घेतला वृक्षारोपण. त्या उन्हाळ्यात. मी चिटणीसपद सोडलं.

सातवीचा निकाल लागल्यावर मुलीची आई शाळेत आली, कमरेवर तीच घागर.

"आठवीचं नाव लिवून घ्या बाई. मोठं लिवा, देगलूरहून वाचाया आलं पाहिजे."

"भाऊ काय म्हणतो?"

"काय म्हनंल? म्हनलं, अजून शाळंत हाय. थांबायचं तर थांब, न्हाई तर दुसरी बघ." तिनं घागर माझ्या टेबलावर, थेट यादीवर ठेवली. "लिवा की, मिलचा भोंगा व्हईल."

मी घागर उचलून खाली ठेवली आणि नाव लिहिलं.