बसून ऐकायचा बँड

आमचे बँडमास्तर शिवारात फिरायला निघाले की डोळे घरी ठेवतात आणि कान तेवढे सोबत नेतात, असं पांढरकवड्यात लोक म्हणत. सोबत चालणाऱ्याला बोलायची बंदी. दोन-चार कोस पायपीट करून हाती लागायचं काय, तर टिटवीचे दोन सूर. ते मास्तर शिटीवर धरत, वहीत टिपून घेत आणि या नादात वाटेत भेटलेल्यांचा सलाम-रामराम दोन्ही विसरत.

एकदा झरीकडच्या वाटेवर एका कोलाम गाडीवानाच्या बैलगाडीचं चाक कुरकुरत होतं. मास्तर तिच्या मागे मैलभर गेले. शेवटी म्हणाले, "भाऊ, दोन दिस वंगन नोको लावू. तो सूर मले अजून सापडून नाई राह्यला." गाडीवान म्हणाला, "तुमचा सूर सापडंल मास्तर, पन माह्ये बैल मरतीन." मास्तरांनी मग बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते परत फिरले.

मी एरवी शिंपीकाम करायचो आणि लग्नसराईत त्यांच्या बँडात कॉर्नेट वाजवायचो. लोकांना सिनेमाची गाणी हवी असत आणि नवरदेव मांडवात पोचला की असेल त्या सुरावर बँड बंद. त्यामुळे आमच्या कुठल्याच गाण्याला शेवट नसे. मास्तरांना हे फार लागे. "अर्ध्यातच तोडून टाकतेत लेकाचे," ते म्हणत. "मानूस कुठं पोचला, हे आयकतच नाई कोनी."

म्हणून त्यांनी शिवारातल्या फेरीवर एक लांब रचना बांधली. गावाबाहेर पडायचं, कपाशीतून जायचं आणि नदीकाठी बसायचं. बसण्याचा शेवटचा भाग एकट्या त्यांच्या क्लॅरिनेटचा. तो त्यांनी तालमीतही ऐकवला नाही. "त्या दिवशीच आयका," म्हणत. लोकांनी एकदा खाली बसून ही रचना पुरती ऐकावी, एवढीच त्यांची हौस होती. आम्हाला चालता चालता वाजवायची खोड, म्हणून वर्षभर सरकीच्या पोत्यांवर बसवून त्यांनी तालीम घेतली.

साठ सालानंतरच्या एका सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात संधी मिळाली. झेंडावंदन झालं, लोक सतरंज्यांवर बसले, आम्ही खुर्च्यांवर. सुरुवात झकास झाली. पण बँड वाजला म्हणजे मिरवणूक निघाली, हे गावाच्या हाडीमाशी खिळलेलं. आम्ही रचनेतल्या कपाशीत शिरलो तसे हेडमास्तर उठले, त्यांनी रांगा लावल्या आणि लोक फाटकाकडे निघाले. आणि सांगायला लाज वाटते, बँडातून पहिला मीच उठलो. कुणी सांगितलं नव्हतं, पाय आपसूक चालू लागले. माझ्यामागे ढोल, मग सगळेच. बाजारापर्यंत आम्ही मास्तरांचीच रचना वाजवत गेलो. लोक तर खूश होते.

परत आलो तेव्हा मास्तर त्याच खुर्चीवर होते, समोर रिकाम्या सतरंज्या. मी हात जोडून म्हटलं, "मास्तर, शेवट वाजवा. म्या बसतो आयकाले." त्यांनी क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुह्यी चूक नाई रे," ते म्हणाले. "बँड आयकून मानूस चालतेच. मीच येडा."

पुढे सात-आठ वर्षं मास्तर लोक सांगतील ते लग्नांत वाजवत राहिले. शिवारात जाणं मात्र बंद झालं. वही त्यांनी त्याच आठवड्यात चुलीत घातली होती, हे मास्तर गेल्यावर त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. सुरुवातीचे भाग मला अजून पाठ आहेत. वाजवत वाजवत मी नदीपर्यंत पोचतो. तिथं बसल्यावर काय ऐकू यायचं होतं, ते आता कुणालाच ठाऊक नाही.