नावेतली टाकी आणि पहिला गिलास

टाकीत गाळ साचताना कुणालाच दिसत नाही. पंधरा दिवसांनी झाकण उघडावं, तर तळाशी बोटभर थर! आमच्या नावेवरचे किस्से असेच साचलेत. जरा ढवळलं की वर येतात.

आमची नाव म्हणजे फिरता दवाखाना. पावसाळ्यात भामरागडकडचे रस्ते तुटले की नदीकाठच्या गावांना औषधं आम्ही पोहोचवतो. नावेत चौघं. डॉक्टरसाहेब नागपूरचे, प्यायचं पाणीसुद्धा सीलबंद बाटलीतलं. शेवंताबाई सिस्टर. नाव चालवणारे रहीमभाई, वडशाचे. आणि मी कंपाउंडर, कुरखेड्याचा, धानवाल्याच्या घरचा. बाकाची फळी उचलली की खाली स्टीलची मोठी टाकी आहे. गोळीबरोबर घोटभर पाणी असो की जुलाबाच्या पोराचं मीठ-साखरेचं पाणी, सगळं तिच्यातलंच. ती धुणं माझ्याकडे.

*

पहिल्यांदा टाकी धुतली तेव्हा मी ब्लीचिंग पावडर धानाच्या बांधीत खत फेकतात तशी टाकली. मूठमूठ, अंदाजानं! रहीमभाईंनी त्याच पाण्याचा चहा मांडला. एक घोट घेतला आणि कप नदीत रिकामा केला.

"कंपाउंडर, चाय पाजून राह्यला का संडास धुवून राह्यला?"

शेवंताबाईंनी तिथल्या तिथे कायदा केला. "जो टाकी धुवन, त्यानंच पहिला गिलास प्याचा. सगळ्याईच्या समोर!"

तेव्हापासून मी पावडर चमच्यानं मोजून टाकतो.

*

टाकीचं तोंड जेमतेम परातीएवढं. काठीला फडकं बांधून मी धुवायचो, पण कोपरे काही हाती लागत नव्हते. एकदा रहीमभाई चिडले. "हट बाजूले, मीच उतरतो!"

डोकं गेलं, खांदे गेले, पोट अडकलं. ना आत, ना बाहेर! काठावरचे पेशंट रांग सोडून बघायला आले. शेवंताबाई त्यांचे पाय धरून म्हणाल्या, "भाऊ, श्वास सोडा. आन् उद्यापासून भात जरा कमी खा."

टाकीतून आवाज घुमला, "बाई, आधी बाहेर त काढा, मंग उपाशी मारा!"

अंगाला तेल लावून ओढलं तेव्हा कुठे सुटले. टाकी भरताच शेवंताबाईंनी पहिला गिलास त्यांच्याच हातात ठेवला; आत शिरला तोच धुणारा!

*

रहीमभाईंच्या घरी झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे शिवतात. मोटर बिघडली तर असावं म्हणून त्यांनी एका जुन्या पडद्याचं शीड केलं. त्यावर अख्खा राजवाडा आणि दोन मोर! एकदा हातपंपावरून हंडे वाहायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी पावसात शीड पसरून त्याची धार टाकीत सोडली. टाकी काठोकाठ भरली. नळ सोडला, तर पाणी निळं!

शेवंताबाईंनी गिलास पुढे केला. रहीमभाई दोन पावलं मागे सरले.

"बाई, मी भरली. धुतली नाई!"

मग टाकी मीच धुतली, आणि गिलासही मलाच प्यावा लागला.

*

आता मैनाबाईचं सांगतो. नदीपलीकडच्या एका गावात पोरांना जुलाब लागले होते. आम्ही मीठ-साखरेच्या पुड्या द्यायचो, पण आया त्या नाल्याच्या पाण्यात कालवायच्या. आमच्या टाकीचं पाणी कुणी घेत नव्हतं, कारण गावातली म्हातारी मैनाबाई नाही म्हणायची, आणि गाव तिचंच ऐकायचं. एक पोरगी तर पार सुकून गेली होती. शेवंताबाईंचा जीव तुटत होता.

"आजी, आमचं पानी काऊन नाई चालत?" त्यांनी विचारलं.

मैनाबाईनं डॉक्टरांच्या बॅगेकडे बोट केलं. "चांगलं हाये त तुमचा डाक्टर आपलं पानी बाटलीत काऊन आनते?"

बाटली रोज दिसायची, पण साहेबांना विचारणार कोण?

मी म्हणालो, "आजी, टाकी एकदम साफ हाये."

ती नावेत चढली, हात खांद्यापर्यंत टाकीत घातला आणि कोपऱ्यातला गाळ बोटावर काढून माझ्या नाकासमोर धरला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग तिनं टाकीतलं पाणी सोडून द्यायला लावलं, लुगडं खोचलं, राख आणि भाताच्या तणसाचा बोळा मागवला आणि त्या तोंडातून सरळ आत उतरली. चिमुकली म्हातारी, कुठे अडकलीसुद्धा नाही. रहीमभाई नुसते बघत राहिले. आतून घासल्याचा आवाज येत राहिला, आणि मधूनमधून मला शिव्या. तीन वेळा टाकी रिकामी केली. गावच्या बायांनी स्वतः हातपंपावरून हंडे आणले. मी पावडर मोजून टाकली, अर्धा तास थांबलो.

शेवंताबाईंनी गिलास भरला. "आजी, आमचा कायदा हाये. जो धुते, तो पहिला पिते."

सगळं गाव बघत होतं. मैनाबाईनं गिलास एका दमात संपवला. मग दुसरा भरला आणि डॉक्टरांपुढे धरला.

"घे बापू."

रहीमभाईंना एकाएकी मोटरमध्ये काहीतरी दुरुस्ती दिसली. डॉक्टरांनी बॅगेकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि गिलास रिकामा केला. मग स्वतःच आणखी एक मागितला.

मागे आया पोरांना घेऊन रांगेत उभ्या राहत होत्या. त्या सुकलेल्या पोरीची आई सगळ्यांत पुढे.

मैनाबाईनं डॉक्टरांपुढे हात पसरला. "ते बाटली दे इकडं. तुले आता कायले पायजे?"

तिच्या चुलीपाशी त्या बाटलीत आता टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल असतं.