फरशीवरची ढाक

ज्या माणसाचा आवाज मला सगळ्यात जास्त आवडायचा, त्याचाच जबडा मी मोडला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला बिचारा म्हणायला नको. तो माणूस बोलून पोट भरायचा, आणि मी त्याचं बोलणंच मोडलं.

तेव्हा मी सांगलीत तालमीत होतो. गाव कडेगावकडं, घरचा ऊस, थोरला भाऊ फौजेत, आणि धाकट्यानं पैलवान व्हायचं हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं. तालमीत आम्ही पंधरा-सोळा जण. वस्तादांचा कायदा लय कडक. मोबाइल आल्या आल्या लोखंडी पेटीत टाकायचा, तो रविवारी दुपारी हातात मिळायचा. भिंतीवर बाईचं चित्र चालायचं नाही, तोंडात गाणं चालायचं नाही. प्रेमाचं गाणं कानावर पडलं की पैलवान नासला, हे त्यांचं ठाम मत. एक जण लंगोट पिळताना काहीतरी गुणगुणला, तर त्याच्या उघड्या पाठीवर वेत तुटेपर्यंत मारला होता. पाठ बरी व्हायला आठवडा लागला आणि त्या आठवड्यातही त्याच्या बैठका चुकल्या नाहीत.

रेडिओ होता तो फक्त वस्तादांच्या बातम्यांसाठी. एकदा संध्याकाळी त्यांचा अंगठा बटणावर पडला आणि सांगलीचंच एक स्टेशन लागलं. नुसता ड्रमचा दणका आणि गिटारचा आरडाओरडा, इंग्रजीतलं रॉक. आम्ही सगळे माती उकरता उकरता थांबलो, आता रेडिओ भिंतीवर फुटणार म्हणून. वस्तादांनी कान दिला. मान हलवली. म्हणाले, "ह्ये तर हलगीवानी वाजतंय की रं! बाई बी न्हाई ह्यात. वाजू द्या."

इंग्रजीतला शब्द आमच्यात कुणाला कळत नव्हता, आणि हेच आमचं भाग्य. कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडली की अंगात कसं येतं, तसं ते गाणं अंगात यायचं. त्या दिवसापासून रोज पाच ते सहा, सरावाच्या ऐन भरात, तालमीत रॉक वाजायला लागलं.

मी ताकदीला कमी नव्हतो, पण थंड होतो. वस्ताद म्हणायचे, "तू म्हशीवानी हायस. ढकलशील चौघांना, पर मारणार न्हाईस एकाला." त्या तासानं मला मारायला शिकवलं. गिटार किंचाळायला लागली की डोळ्यांपुढं लाल व्हायचं आणि समोर कोण आहे हेही दिसायचं नाही. एकदा मी माझ्या जोडीदाराला असा आदळला की त्याच्या खांद्याचं हाड सरकलं. तो मातीत पडून ओरडत होता आणि वस्ताद माझी पाठ थोपटत होते. मला, खोटं कशाला बोलू, लय बरं वाटलं.

आणि गाण्यांच्या मधे एक निवेदक बोलायचा. मराठीत, सावकाश, जरा घोगऱ्या पण स्वच्छ आवाजात. लाडीगोडी नाही, खिदळणं नाही. "दम धरा, पुढचं जरा अंगावर येईल," असं म्हणायचा आणि आम्ही सोळा जण खरंच दम धरायचो. त्याचा चेहरा आम्ही कधी पाहिला नव्हता. मला वाटायचं, हा माणूस दिसायला माझ्यापेक्षा थोराड असणार.

एके दिवशी पाच वाजले आणि रॉक आलंच नाही. एक पोरगी खिदळत म्हणाली की आजपासून दिवसभर फक्त नवी, गोड, सगळ्यांच्या आवडीची गाणी. पाठोपाठ कुणीतरी कुणाच्या तरी डोळ्यांवर, कमरेवर मरत असल्याचं गाणं सुरू झालं. वस्ताद बाहेर पाय धूत होते, तसेच ओल्या पायांनी आत आले. कोपऱ्यातला व्यायामाचा लाकडी मुद्गल उचलला आणि रेडिओवर घातला. एकदा नाही. रेडिओचा चुरा झाला तरी घालत होते, त्याखालची फळी फुटली तरी घालत होते. मग म्हणाले, "आजपास्नं रेडू बंद."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हसवडचं मैदान तोंडावर आलं होतं आणि माझा कुस्तीतला राग त्या तासाबरोबर गेल्यासारखं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एका मोटारसायकलवर बसून स्टेशनवर गेलो. जाब विचारायला, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. जाब विचारायला कुणी बाह्या मागं सारून जात नाही.

इमारतीत वर जायला फरशीचा जिना. वरून एक किरकोळ माणूस खोकं पोटाशी धरून उतरत होता, अंगात स्टेशनचं नाव छापलेला शर्ट. मी विचारलं, "तू हितलाच का?" त्यानं मान डोलावली. बास. मी खोकं उडवलं, त्याचा हात बगलेत घेतला आणि ढाक लावली. ढाक म्हणजे समोरच्याला आपल्या कमरेवरून उलटा फेकायचा डाव. तो हवेत असताना ओरडला, "अहो, थांबा!"

तो आवाज मी हजारात ओळखला असता. ओळखलाच. पण ढाक एकदा सुटली की थांबवता येत नाही.

मातीत ढाक बसली की माणूस उठतो, अंग झटकतो, परत हात मिळवतो. आम्ही दिवसातून पन्नास वेळा एकमेकांना असं फेकतो. आपल्या पायाखाली माती नाही, फरशी आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याची हनुवटी पायरीच्या कडेवर आपटली. नारळ फुटावा तसा आवाज झाला. दोन दात माझ्या चपलेपाशी येऊन पडले. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं आणि खालचा जबडा भलत्याच बाजूला गेला होता. खोक्यातल्या सीड्या जिनाभर विखुरल्या होत्या. त्याला त्याच सकाळी कामावरून काढलं होतं आणि तो आपलं सामान घेऊन घरी निघाला होता.

माझे सोबती पळाले. मी नाही पळालो, पण त्यात शूरपणा काही नव्हता, मी खाली बसून ते दोन दात वेचत होतो. केस झाली, ती अजून चालू आहे. जामिनावर सुटून आलो तर वस्तादांनी मला तालमीतल्या मातीच्या हौद्याच्या कडेला उभं केलं आणि वेतानं फोडून काढलं. पाठ, पोटऱ्या, हात, काही सोडलं नाही. मारता मारता स्वतःच रडायला लागले. "माझीच चूक हाय रं. म्हशीला मारकं म्या केलं," म्हणाले. मग डोळे पुसून म्हणाले, "त्येचं तोंड तारांनी शिवलंय. तुजा खुराक आजपास्नं त्येच्या घरला जाणार. तू न्हेणार."

पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप आणि दगडावर घासलेल्या बदामांची थंडाई. पहिल्या दिवशी किटली घेऊन गेलो तर दार त्याच्या आईनं उघडलं. मी कोण ते सांगितलं. तिनं किटली हातातून ओढली आणि दूध माझ्या तोंडावर फेकलं, मग रिकामी किटली कपाळावर हाणली. "मुडद्या, दोन महिन्यांनी त्याची पुण्याच्या रेडिओवर आवाजाची चाचणी आहे! बोलावणं आलंय त्याला! कुठल्या तोंडानं जाईल तो?" माझ्या भुवईतून रक्त आलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी तिनं किटली घेतली, कारण पोरगा दिवसागणिक वाळत चालला होता.

ते जैन. त्या माउलीच्या घरात दिवस मावळल्यावर कुणाच्या पोटात काही जायचं नाही. म्हणून मला पाचलाच तालमीतून निघावं लागे. संध्याकाळचा सराव बुडाला, खुराक बंद, म्हसवडच्या मैदानात मला एका नवख्यानं पाठीवर टाकलं. त्याचं मला काही वाटलं नाही. मला एकच घोर होता, पुण्याच्या आधी त्याचं तोंड उघडावं आणि आतून तोच आवाज यावा.

तो नळीनं थंडाई प्यायचा आणि वहीवर लिहायचा. पहिले आठ दिवस त्यानं फक्त "जा" असं लिहिलं. मग एकदा मी तालमीतल्या त्या रॉकच्या तासाचं सांगितलं, तेव्हा त्यानं लिहिलं, "तालमीत रॉक? वस्ताद कसे तयार झाले?" मी सांगितलं की वस्तादांना वाटायचं, ह्यात बाई नाही. त्याचे खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं, शिवलेल्या तोंडानं हसणं दुखत होतं तरी थांबेना. त्यानं लिहिलं, "अहो, निम्मी गाणी बायकांवरच होती." तेवढा एक दिवस मला वाटलं, सुटलो मी.

तारा काढल्या त्या दिवशी मी गेलो. तो खुर्चीत ताठ बसला होता, आई मागं उभी. त्यानं माझ्याकडं बघत दोन वाक्यं म्हटली. खालचा ओठ एका बाजूनं मेलेला होता, शब्दांच्या मधून वारं सुटत होतं, वाक्य संपता संपता लाळ आली. त्यानं रुमालानं पुसली आणि विचारलं, "कसं वाटतंय?"

"झ्याक," मी म्हणालो. "पयल्यावानीच हाय की."

त्यानं माझ्या कानाखाली खाडकन लावली. एवढा किरकोळ माणूस, पण कान सुन्न झाला. "आवाज ओळखण्यात आयुष्य गेलंय माझं," तो म्हणाला. "खोटं मला लगेच ऐकू येतं. खरं सांग."

मी खाली बघितलं. "शबूद फुटत्यात," म्हणालो. "वारं सुटतंय. दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज वाटतोय." मला रडू आवरेना.

"बस खाली. ऐक," तो म्हणाला. त्यानं फोन घेतला, पुण्याचा नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला, मला ऐकू यावं म्हणून. पलीकडं एक बाई होती. त्यानं आपलं नाव सांगितलं. तिला कळेना, त्यानं परत सांगितलं. मग म्हणाला की मी चाचणीला येत नाही.

का येत नाही, हे तिनं विचारलं नाही. "काळजी घ्या," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.