हाफ म्हणजे अर्धा

लग्न होऊन गोंदियाजवळ कामठ्याकडच्या या गावात आले, तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की मुलगा शेती करतो आणि फुटबॉल खेळतो. शेतीचं समजलं. फुटबॉलचं काही विचारायला लाज वाटली.

बुद्धविहारामागच्या पटांगणात गावातले लोक धान निघाल्यावर खेळायचे. तिथूनच यांना नागपूरच्या एका क्लबने नेलं. क्लब खालच्या डिव्हिजनचा. गाडीभाडं मिळायचं आणि मॅचच्या दिवशी जेवण. हे शनिवारी गोंदियाहून पॅसेंजर पकडत, रविवारी खेळत आणि सोमवारी सकाळी शेतात हजर असत. एक वर्ष क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये गेला, पुढच्याच वर्षी परत खाली आला. पेपरात यांचा फोटो एकदाच छापून आला, त्याखाली नाव दुसऱ्याचं होतं.

यांची जागा मैदानाच्या मध्यात. तिला हाफ म्हणतात. सासूबाईंनी तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हणाल्या, "हाफ? म्हंजे अर्धाच खेळते का रे तू?"

"हो माय, अर्धाच. बाकी अर्धा त रेल्वेतच जाते."

"मंग याले भात बी अर्धाच वाढजो वो," सासूबाई मला म्हणाल्या.

घरात सगळे हसले. मीही पदराआड हसले. पण माझ्या डोक्यात ते तसंच बसून राहिलं. हे अर्धी मॅच खेळतात, उरलेली अर्धी दुसरा कोणीतरी खेळत असेल. कोणाला विचारावं असं कधी मनातही आलं नाही.

लग्नाच्या सातव्या वर्षी हंगामाच्या शेवटच्या मॅचला एका सरकारी खात्याचे साहेब येणार अशी बातमी आली. खेळाडूंसाठी एक जागा होती. पक्की नोकरी. ज्याचा खेळ आवडेल त्याला घेणार होते. पुढच्या वर्षी यांचं वय बसणार नव्हतं, म्हणजे ही एकच संधी.

"तू बी चल," हे म्हणाले. तोवर मी एकही मॅच पाहिली नव्हती.

गाडीत खिडकीशी बसून यांनी मला समजावलं, "गोल मारणाऱ्याले सगळेच पाह्यतेत. तू मले पाहजो. बॉल माझ्याजवळून कोठी जाते, थे पाहजो. हाफले कोणी पाह्यत नाही."

नागपूरला माझी नणंद राहायची. आम्ही दोघी मैदानाच्या पायऱ्यांवर एका टोकाला बसलो. आजूबाजूला सगळे पुरुष. मी पदर ओढून घेतला, पण डोळे यांच्यावरच ठेवले. चेंडू जवळ यायच्या आधीच हे मान वळवून मागं-पुढं पाहत. रोवण्यातही यांचं तसंच. आम्ही बाया वाकून धान रोवत असताना हे बांधावरून रोपांच्या पेंड्या फेकतात, आणि हातातली पेंडी संपायच्या आत दुसरी बरोबर पुढ्यात पडलेली असते. इथेही तेच चाललं होतं. मला खेळ समजू लागला. तेवढ्यात मागून कोणी ओरडलं, "अरे, वो हाफ को बोल, खुद भी मार कभी!" मला त्याचा राग आला, पण मागं वळून पाहायची हिंमत झाली नाही.

मग शिट्टी वाजली. सगळे बाहेर आले. यांनी पाणी प्यायलं, बूट काढला.

"झालं वाटते यांचं," मी नणंदेला म्हणाले.

"हाफच नं थो! चाल वयनी, लोकं पाहून राहिले. घरी जाऊन भात टाकू."

आम्ही उठून गेलो.

दिवे लागताना हे नणंदेच्या घरी आले. चेहरा फुललेला. मॅच जिंकली होती. शेवटी शेवटी चेंडू यांच्या पायात होता आणि गोल समोर. यांनी तो डावीकडच्याला दिला आणि त्याने मारला. साहेबांनी त्याचंच नाव लिहून घेतलं.

"तुमीच काऊन नाही मारले?"

"थो मोकळा होता," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तू पाह्यली नं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले ते. नणंद ताटं पुसत राहिली.

"हो, पाह्यली," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी यांचा गुडघा गेला आणि खेळ सुटला. नोकरी लागलेला तो गडी एकदा पेढे घेऊन आला. आपल्या गोलची गोष्ट त्याने रंगवून सांगितली. चेंडू कोणी दिला, ते त्याच्या बोलण्यात आलंच नाही. हे फक्त माझ्याकडे पाहून हसले. तुला माहीत आहे, असं ते हसणं होतं. मी चहा ठेवायला आत गेले, आणि चहा उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

त्या पावसाळ्यात रोवणा सुरू असताना, बाया शेजारी असूनही, माझ्या तोंडून निघून गेलं. "मी थे मॅच पुरी नाही पाह्यली. अर्ध्यातून उठून गेली होती."

यांच्या हातातली पेंडी हातातच राहिली. "काऊन?"

"हाफ म्हंजे अर्धी मॅच समजली मी."

एका बाईला हसू आवरेना. "अगे माय! मंग घरी बी अर्धाच नवरा समजतेस का वो?" सगळ्या बाया हसत सुटल्या. मग हेही हसले, आणि लंगडत बांधावरून चिखलात उतरले.

"उभ्या राहा आता," हे बायांना म्हणाले. एकीला गोलकीपर केलं, दोघींना आडवं उभं केलं. मला दूर डावीकडे पाठवलं. "तू मोकळी हायस. इकडं पाहू नको, पुढं चाल."

मी चालले. पण या वेळी मी पाहिलं. यांनी मान वळवली, समोर फेकल्यासारखं केलं, दोघी बाया तिकडे झुकल्या, आणि पेंडी त्यांच्या मधून येऊन माझ्या पायाशी पडली.